राहून गेलेला काना

मित्रांनो, मी एक जुनी प्रथमोपचाराची पेटी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी स्वभावाने फार संशयी आहे. कारखान्यात पत्रा कापून मला घडवलं, तेव्हा झाकणावरची लाल फुली जरा तिरकी रंगवली गेली. तपासनिसाने ती पाहिली, इकडेतिकडे बघितलं आणि "ठीक आहे" म्हणून मला पुढे सरकवलं. तेव्हापासून कुणी "ठीक आहे" म्हटलं की माझ्या बिजागऱ्या करकरतात.

मला मुलींच्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमागे, साहित्याच्या खोलीत टांगलं. तिथून हॉल दिसत नाही. धप्प आवाज येतो, आणि त्यानंतर कोणीतरी माझ्याकडे येतं. सुरुवातीची वर्षं मजेची होती. सोललेले गुडघे घेऊन मुली यायच्या आणि कोणाची जखम मोठी यावर रडता रडता भांडायच्या. एकीने तर बऱ्या झालेल्या गुडघ्यालाही हट्टाने पट्टी बांधून घेतली होती.

मग नवे सर आले. त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केलं, पट्ट्या आणि मलमं रांगेत लावली आणि माझ्या पोटात एक नोंदवही ठेवली. प्रत्येक दुखापत लिहिली गेली पाहिजे, असं ते पालकांना बजावायचे. पालक माझं झाकण उघडून बघायचे, माना डोलवायचे. मी इतकी फुशारले की संशय घ्यायचंच विसरले.

सगळ्यांत जास्त यायची ती चिमणी. अकरा वर्षांची, चणीने एवढीशी, म्हणून चिमणी. सर तिला स्वतः घेऊन यायचे, दार लोटायचे, स्वतः मलम लावायचे आणि सुंदर अक्षरात लिहायचे, 'बीमवरून पडली'. बीम म्हणजे वीतभरही रुंद नसलेली उंच आडवी पट्टी. तिच्यावरून मुली पडतातच.

"घरी काय सांगायचं?" सर विचारायचे.

"पडले," चिमणी म्हणायची.

"शाब्बास. संघाची निवड जवळ आलीय."

आई घाबरू नये म्हणून किती ही काळजी, असं मला वाटायचं. मलम मात्र दर वेळी दंडावर लागायचं. पडल्यावर गुडघे फुटतात, कोपरं सोलवटतात. दंडावर चार बोटं कशी उमटतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

उलट माझा संशय गेला मावशींवर. मावशी म्हणजे हॉल झाडणाऱ्या बाई. दुपारी हॉल रिकामा झाला की त्या हळूच दार उघडायच्या, माझं झाकण वर करायच्या आणि नोंदवही काढून एका बोथट पेन्सिलीने कागदावर काहीतरी उतरवायच्या. नेत काहीच नव्हत्या, तरी मला खात्री होती की इथे नक्की पाणी मुरतंय. मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर पहारा ठेवला.

एके दिवशी क्लबचे सचिव सरांना घेऊन खोलीत आले. मावशींनी त्यांच्याकडे तक्रार केली होती. मुलींच्या अंगावरचे वळ पडल्याचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

सर हसले. "मावशी पेटीतलं सामान नेतात. मी हटकलं, त्याचा हा राग."

"ठीक आहे," सचिव म्हणाले. दारात उभ्या मावशींना त्यांनी फरशी बघायला सांगितलं.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्या करकरल्या. जगातली दुसरी कुठलीही गोष्ट मला कळत नसेल, पण माझ्या पोटात काय आहे ते मला कळतं. एक चिकटपट्टीसुद्धा कमी नव्हती. सर खोटं बोलले होते. माणूस पट्ट्यांबद्दल खोटं बोलतो, तर त्या नोंदींचं काय? मी एकेक नोंद आठवू लागले आणि माझा पत्रा गार पडला. आजवर मी चुकीच्या माणसावर पहारा केला होता.

मावशी मात्र गप्प बसल्या नाहीत. नोकरी जाईल हे ठाऊक असून त्या आपला कागद घेऊन जिम्नॅस्टिक्स संघटनेच्या कार्यालयात गेल्या. आठवड्याने तिथल्या एक मॅडम आल्या. सरांना त्यांनी हॉलच्या बाहेर थांबवलं, चिमणीला खोलीत बाकावर बसवलं, आणि तिच्या सांगण्यावरून मावशींनाही शेजारी बसू दिलं.

मॅडमनी तिला खोदून विचारलं नाही. त्यांनी नोंदवही तिच्या मांडीवर ठेवली. "यात तुझ्याबद्दल लिहिलंय. चुकलं असेल तर तू दुरुस्त करू शकतेस. बरोबर असेल तर राहू दे."

चिमणीने पानावरच्या एका नोंदीवर बोट ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मग निवडीतून माझं नाव जाईल."

"जाणार नाही," मॅडम म्हणाल्या. "ते आता सरांच्या हातात नाही. तसं मी लिहून आणलंय, हे बघ."

चिमणीने तो कागद दोनदा वाचला. मग तिने मावशींकडे हात पुढे केला. मावशींनी आपली बोथट पेन्सिल तिला दिली. चिमणीने जास्त काही लिहिलं नाही. 'पडली'मधल्या 'प'पुढे तिने एक उभी रेघ ओढली. एक काना. 'बीमवरून पाडली'. मग पान उलटलं, पुन्हा एक काना. असे पाच. मावशी पदराने डोळे पुसत होत्या.

त्यानंतर आणखी तीन मुलींनी ती पेन्सिल मागून घेतली. सर पुन्हा हॉलमध्ये आले नाहीत. चौकशी अजून चालू आहे. मावशी अजून झाडायला येतात, आणि चिमणीचं नाव निवडीच्या यादीत आहे.

आता माझा रंग उडालाय, कडी सैल झालीय. नवी पेटी येणार असं ऐकते. येऊ दे. तिला मी एवढंच सांगेन, की लख्ख चकाकण्यापेक्षा मलम कुठे लागतंय ते बघ. आता इथे जिला लागलं ती मुलगी स्वतः नोंद करते, आणि तेव्हा खोलीचं दार उघडं असतं.

आणि मित्रांनो, तुमच्याबद्दल कोणी सुंदर अक्षरात खोटं लिहून ठेवलं असेल, तर घाबरू नका. एखाद्या मावशीकडे पेन्सिल मागा. एक काना पुरतो.