शेठजींना पायी चालवायचं

सौंसरच्या बाजारओळीत भूपेंद्र शेठचं कापडाचं दुकान आहे. घर त्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला. तरी शेठ रोज गाडीनं यायचे आणि ती दुकानासमोर आडवी लावायचे. दोन वर्षांपूर्वी ती गाडी मागे घेताना त्यांनी देवीदास गजभियेंना पाडलं. खुबा मोडला. चार मोठ्या लोकांनी मध्ये पडून प्रकरण मिटवलं. दवाखान्यात येऊन शेठ एवढंच म्हणाले, "म्हातारा माणूस बाजारात काहून फिरून राहिला होता?"

देवीदासची मुलगी स्नेहा नगरपालिकेत कारकून आहे. ते वाक्य तिच्या देखत बोललं गेलं. या माणसाला भर बाजारात पायी चालवायचं, हे तिनं तिथंच ठरवलं.

नगरपालिकेनं बाजारओळ गाड्यांसाठी बंद करायचं काढलं, तेव्हा व्यापाऱ्यांच्या बैठकीत हशा पिकला.

"हे काय विलायत हाय का?" शेठ म्हणाले. "मे महिन्यात गिऱ्हाईक पायी येईन? इथं पोट्टे पानठेल्यावरही मोटरसायकलनं जाते!"

ते खोटं नव्हतं. वाद घालून काही होणार नाही, हे स्नेहाला कळलं.

पण दरवर्षी हनुमान जयंतीला जामसांवलीच्या मारुतीला पायी जाणारे भक्त याच ओळीतून जातात. तेव्हा शेठ स्वतः दोन्ही टोकांना बांबू बांधून दोन दिवस गाड्या बंद करतात आणि भंडारा घालतात. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. यंदा स्नेहा भंडाऱ्याच्या मंडपात गेली. शेठ माइकवर होते.

"भक्ताच्या रस्त्यात गाडी घालणं म्हणजे पाप हाय, पाप!"

टाळ्या पडल्या. स्नेहानं खालून विचारलं, "शेठजी, पाप दोनच दिवस लागते का बारा महिने?"

बाया हसल्या. शेठची आई पुढंच बसली होती, नगरपालिकेचे मुख्य अधिकारी मंचावर होते. माघार घ्यायला जागा नव्हती.

"बारा महिने!" शेठ गरजले. बजरंगबलीचा जयजयकार झाला.

बांबू सुटले नाहीत. पुढं त्यांच्या जागी लोखंडी खांब आले.

शेठ पहिल्यांदा पायी निघाले त्या दिवशी स्नेहा मुद्दाम चहाच्या ठेल्यावर उभी होती. शेठचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. "काय शेठजी, गाडी इकली का?" कोणीतरी ओरडलं. स्नेहानं चहा सावकाश संपवला.

ते सुख फार टिकलं नाही. गाड्यांची भीती गेल्यानं बाया लेकरांचे हात सोडून दुकानोदुकानी फिरू लागल्या. शेठची विक्री वाढली. "आयडिया आपलीच," ते सांगू लागले. पेपरात फोटोही आला. स्नेहानं तो पेपर फाडून चुलीत घातला.

"मले ने तिथं," देवीदास म्हणाले.

"काहून? त्याले हार घालाले?"

"ने त खरं."

वॉकर टेकत ते ओळीच्या मधोमध चालत गेले. शेठ खुर्ची घेऊन धावत आले. "या या, देवीदासजी! तुमच्यासारख्यायसाठीच त केला हा रस्ता."

देवीदास बसले, दुकानाच्या ऐन दारात. आत शिरणाऱ्या पहिल्या बाईला म्हणाले, "जय भीम, ताई. माहा खुबा कसा मोडला, सांगू?"

बाई थांबली. मागून हॉर्न वाजत नव्हता, बाजूला सरायची घाई नव्हती. देवीदासनी सगळं सांगितलं, दवाखान्यातलं बोलणंही. आणखी चौघी थांबल्या. शेठ आधी हसले, मग लाल झाले, मग पायऱ्या उतरून घराकडे निघाले. गाडी असती तर काच वर केली असती. आता ओळभर माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि चालल्याशिवाय सुटका नव्हती.

दुसऱ्या दिवशी देवीदास पुन्हा आले. मग रोजच. आता खुर्ची शेजारच्या दुकानातल्या दिपालीताई द्यायच्या.

"पोरी, ने न यायले घरी," शेठ अखेर हात जोडून म्हणाले. "गिऱ्हाईक बाजूले जाऊन राहिलं."

"आयडिया त तुमचीच होती, शेठजी. तुम्हीच सांगा त्यायले."

ऊन चढलं होतं. स्नेहा वडिलांपाशी वाकली. "बाबा, चला आता, जेवाची वेळ झाली."

"थांब न वं," देवीदास म्हणाले. पायरीशी एक म्हातारी चपला काढत होती. "या मायनं आजून आयकलं नाही."