चिमण्याची जागा

घरचं झालं थोडं आणि परसातल्या कोंबड्यांनी धाडलं घोडं, अशी तिची गत झाली होती. कडेवर सहा महिन्यांचं बाळ, नवऱ्याची रात्रपाळी, सासूबाईंचे गुडघे, आणि वर हे तीन कोंबडे. थोरला जमादार, मधला मुनीम आणि धाकटा चिमण्या. अंड्यातून निघाल्या निघाल्या चिमण्याला कोंबडीनं झिडकारलं, तेव्हा लेकीनं, छकुलीनं, त्याला बुटांच्या खोक्यात वाढवला. त्यामुळे आपण कोंबडा आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. मोठा झाला तसा त्याला परसात सोडला, आणि जमादारानं पहिल्याच दिवशी त्याचा तुरा रक्तबंबाळ केला.

छकुलीनं गळा काढला. आईनं धावत जाऊन चिमण्याला उचललं, औषध लावलं आणि न्हाणीघरात ठेवलं. दोन दिवसांनी परत सोडला. परत तेच. परत रक्त, परत न्हाणीघर. सासूबाई म्हणाल्या, या घरात अंघोळीला जायचं तर आधी कोंबड्याची परवानगी काढावी लागते.

मग तिनं ठरवलं, शिक्षा मारणाऱ्यालाच. जमादाराला डालग्याखाली कोंडला. तेवढ्यात मुनीम असा मिरवू लागला, जणू सात पिढ्यांची गादी त्याचीच. डालगं उचललं मात्र, दोघे एकमेकांवर तुटून पडले, आणि दमल्यावर दोघांनी मिळून चिमण्याला धुतला. एकानं रागानं, दुसऱ्यानं सवयीनं. तिला वाटलं, डालग्याखाली आता आपणच जाऊन बसावं.

त्या कालव्यानं नवरा उठून दारात आला. रात्रपाळीचे लाल डोळे. तो ओरडला नाही, आणि तेच वाईट होतं.

"रविवारपर्यंत हे थांबलं नाही ना, तर यातला एक कमी करायचा."

कुठला, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. जमादार मांजराला पळवून लावायचा, मुनीमाला शेजारणीनं मागून ठेवला होता. उरलं कोण, हे छकुलीलाही कळलं. त्या दिवसापासून ती बापाच्या ताटात डोकावून बघू लागली.

शनिवारी सकाळी छकुलीच्या आईनं चिमण्याला पुन्हा सोडलं आणि बाळाला घेऊन मागच्या पायरीवर बसली. रात्रभर किरकिर करून बाळ आत्ता कुठे मांडीवर झोपलं होतं, तोंड उघडं टाकून, तिचं बोट मुठीत घट्ट धरून. जमादार मान ताणून निघाला.

"आई, उचल ना त्याला."

ती उठणारच होती. पण बाळाची मूठ सैल होईना.

"थांब जरा," ती म्हणाली.

चिमण्या पालथ्या घमेल्यामागे पळाला आणि कोपऱ्यात डोकं खुपसून पाठमोरा उभा राहिला. जमादारानं एक टोच मारली, दुसरी मारली. तिसरी मारलीच नाही. पिसं फुगवून एकदा आरवला आणि आपल्या माद्यांकडे निघून गेला. मग मुनीम आला, हजेरी लावावी तशी एक टोच मारून गेला. संपलं. एरवी दुसऱ्या टोचीलाच ती पोहोचलेली असायची. भांडण कधी पुरं होऊच दिलं नव्हतं तिनं, आणि दर दोन दिवसांनी चिमण्या परसात नवा परका म्हणून उतरत होता.

आतून सासूबाईंनी विचारलं, एवढं शांत कसं, कोण मेलं?

रविवारी नवरा कामावरून आला तो थेट परसात. जमादार दाणे टिपत होता, त्याच्या मागे मुनीम. सगळ्यांचं झाल्यावर चिमण्या घमेल्यामागून आला. जमादारानं नुसतं बघितलं तरी बाजूला व्हायचा, आणि परत टिपायचा.

"हा कायम असाच शेवटचा राहणार?"

"शेवटचा तर शेवटचा," ती म्हणाली. "राहू दे."

त्यानं जांभई दिली आणि झोपायला गेला.

छकुली मात्र कालपासून तिच्याशी बोलत नव्हती. आताही घमेल्यापाशी उकिडवी बसून ती चिमण्याला समजावत होती, आई दुष्ट आहे, तुला मारत होते तरी उठली नाही. तिला लेकीला हाक मारावीशी वाटली. पण चिमण्या खात होता, म्हणून ती गप्पच राहिली.