देवाला सांगायचा पत्ता

"आजोबा, एवढ्याच पत्त्यावर देवाला आपलं घर सापडतं?"

जयवंतकाकांच्या हातातली पळी थबकली. संकल्प सोडताना मधे बोलू नये, हे आजकालच्या पोरींना सांगणार कोण! पण नात लाडकी. शहरातल्या एव्हरशाईन वसाहतीच्या फ्लॅटमधून उन्नती कालच निर्मळ गावी आली होती, आजीच्या सोबतीला. आजीला, म्हणजे मनोरमाबाईंना, आज हॉस्पिटलात दाखल करायचं होतं, उद्या हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर भरवशाचा शब्द देईनात, म्हणून काका सकाळी सोवळं नेसून देवापुढे बसले होते.

आता संकल्प म्हणजे तरी काय, देवाला पत्ता सांगणंच की. जंबुद्वीपात, भरतखंडात, अमुक गोत्राचा मी जयवंत, माझं आणि माझ्या कुटुंबाचं रक्षण कर. वडिलांनी शिकवलेलं काका जन्मभर म्हणत आले होते, केळीला पाणी सोडावं तितक्याच नेमानं.

"का गं, काय कमी पडलं त्यात?"

उन्नती बारावी सायन्सला, मग काय विचारता! पृथ्वी सूर्याभोवती फिरते, इथून तिनं सुरुवात केली. तेवढं काकांना ठाऊक होतं, ते काही अडाणी नव्हते. पण सूर्यासारखे अब्जावधी तारे मिळून एक आकाशगंगा होते, आपण तिच्याही मध्यावर नाही, पार एका बाजूला आहोत, आणि अशा आकाशगंगाही पुन्हा अब्जावधी, हे ऐकून त्यांनी पळी खालीच ठेवली.

"मग सगळ्यांच्या मधोमध कोण?"

"मध्य असा नाहीच, आजोबा."

सत्तरी उलटली आणि पत्ता अर्धाच! म्हणजे सातिवलीतल्या कारखान्यांच्या एवढ्या गाळ्यांत नुसतं 'शेठला द्या' म्हणून टेम्पो पाठवण्यातली गत. धाकटा भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा हाच संकल्प सोडला होता. पुढे थोरल्या लेकीच्या तापातही हाच. दोघंही गेली. देवाची मर्जी म्हणून काकांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. आता मात्र त्यांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. अरे देवा, तुला कुठे यायचं तेच कळलं नव्हतं का रे?

उन्नती घाबरली. मी आपलं सहज बोलले, सॉरी, म्हणायला लागली.

"सॉरी राहू दे. मोठ्यापासून लहानापर्यंत नीट सांग मला."

ती सांगत गेली आणि काका तिच्यामागून म्हणत गेले. आकाशगंगांचा समूह, त्यातली आपली आकाशगंगा, तिच्या एका भुजेवरचा सूर्य, त्याच्यापासून तिसरा ग्रह पृथ्वी. पुढचं त्यांचं त्यांना येत होतं. निर्मळ, केळीची वाडी, विहिरीशेजारचं कौलारू घर. मग नेहमीचं 'माझ्या कुटुंबाचं' ओठांवर आलं आणि ते अडले. एवढ्या पसाऱ्यात नुसतं कुटुंब म्हटलं तर देवानं कुणाचं कोण शोधायचं? पण बायकोचं नाव घ्यायची त्यांच्या पिढीत रीत नव्हती. लग्नातल्या उखाण्यानंतर 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवरच संसार झाला होता. त्यांनी पळी उचलली.

"मनोरमा," ते मोठ्यानं म्हणाले.

हॉस्पिटलात जायची तयारी करून आतल्या खोलीत बसलेल्या मनोरमाबाईंनी ओ दिली.