पहिली जून

माझ्या मुलीची जन्मतारीख मी खोटी लिहिली आणि पुढची तीस वर्षं मला त्याचा अभिमान वाटत होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला फार सरळ माणूस समजायला नको.

१९९५ साल होतं. मी बेंगळूरला पीण्यातल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करत होतो आणि शेजारच्या लेथवर ज्योतिबा. दोघांची घराणी कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेली, दोघांची घरं श्रीरामपुरमला, दोघांना एकेक मूल, आणि दोन्ही मुलं त्याच महिन्यात एकाच शाळेत घालायची होती. माझी संयोगिता बावीस जानेवारीची, त्याचा विराट चार फेब्रुवारीचा. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी डबा खाताना ज्योतिबा म्हणाला, “अण्णा, खरी तारीख कशाला लिहितोस? पहिली जून लिही. शाळेला पाच वर्षं पुरी झालेली हवीत, ती होतात. वर रिटायर होताना पोरांना चार महिने जास्त मिळतात. मी तेच लिहिणार.”

पाच वर्षांच्या पोरीच्या निवृत्तीची काळजी करणारा बाप किती हुशार, असं मला स्वतःबद्दल वाटलं. दुसऱ्या दिवशी अर्जावर लिहिलं, १ जून १९९०. कारकुनानं मान वर करूनही पाहिलं नाही. त्या वर्गात पहिली जूनला जन्मलेली सतरा मुलं होती, हे पुढे कधीतरी कळलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. रत्नाबाई ऐकून फक्त “बरं” म्हणाली. ती वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करायची, त्यामुळे घरातले अर्ज, दाखले, पासपोर्ट सगळं तिच्याकडे. मी सही करायचो, तीही ती बोट ठेवेल तिथे. वाढदिवस आम्ही जानेवारीतच करत राहिलो आणि पहिली जून माझ्या हुशारीच्या खात्यावर तशीच पडून राहिली.

दोन्ही पोरं वाढली ती जक्कूरच्या धावपट्टीवर घिरट्या घालणारी छोटी विमानं बघत. दोघांनी बरोबर लायसन काढलं. नोकरीची पत्रंही एकाच आठवड्यात आली, फक्त कंपन्या वेगळ्या. विराटला ‘महागगन’ मिळाली, मोठी, मोठ्या विमानांची. संयोगिताला ‘शरावती एअर’, पंचाहत्तर माणसांचं जेट, बेंगळूरहून हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, कलबुर्गी. आठवड्याभरात कधीही रुजू व्हा, असं दोन्ही पत्रांत होतं. मी आणि ज्योतिबानं पंचांग उघडलं आणि दोन्ही पोरांना गुरुपुष्याच्या दिवशी पाठवलं. वैमानिकांच्या जगात रुजू झाल्याची तारीख म्हणजे सगळं काही असतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. कोण आधी कॅप्टन होणार, कोणाला कुठला तळ, दिवाळीत कोण घरी, हे सगळं त्या तारखेवरून ठरतं. आम्ही आपले शुभ वेळ बघत होतो.

मग दोन वर्षांपूर्वी महागगननं शरावती विकत घेतली आणि दोन्हीकडच्या वैमानिकांत जुंपली. महागगनवाले म्हणाले, ही छोटी विमानं उडवणारी मंडळी आमच्या शेवटच्या माणसाच्याही मागे उभी राहतील. शरावतीवाले म्हणाले, आम्ही काय काल आलो? दंडाला काळ्या फिती आल्या. विमानतळाच्या कॅंटीनमध्ये दोन कंपन्यांची माणसं वेगळ्या टेबलांवर बसू लागली. लहानपणी एका ताटात जेवलेल्या माझ्या पोरीनं तिथेच विराटला ऐकवलं, “तुम्ही दिवसातून दोनदा उतरता, आम्ही सहादा, तेही आखूड धावपट्टीवर.” त्यावर विराट म्हणाला, “बसवालाही दिवसातून चाळीसदा थांबतो.” त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

बापांचं बंद व्हायला आणखी दोन महिने लागले. शरावतीच्या लोकांनी ठरलेल्या वेळेपलीकडे एक तासही उडवणार नाही असं ठरवलं आणि नेमकं त्याच दिवशी ज्योतिबाचं हुबळीचं विमान रद्द झालं. पुतण्याच्या लग्नाचा मुहूर्त साडेअकराचा होता, हा पोचला जेवणाच्या पंगती उठल्यावर. परत आल्यावर मला रस्त्यातच म्हणाला, “तुझ्या पोरीच्या कंपूमुळे माझ्या घरच्या अक्षता चुकल्या.” मी म्हणालो, “तुझ्या पोरानं तिला बसवाली म्हटलं तेव्हा कुठे होतास?” रोज संध्याकाळी आम्ही दोघं तासभर फिरायला जायचो. ते संपलं. मी उलट्या दिशेनं फिरू लागलो आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.

मागच्या मंगळवारी सकाळी जावयाचा, संतोषकुमारचा, फोन आला. संयोगिता गुरुवारपर्यंत दिवसभर फेऱ्यांवर होती.

“मामा, लवादाचा निकाल आला. दोन्हीकडच्या वैमानिकांची एकच यादी, रुजू झाल्याच्या तारखेनं लागणार.”

“मग चांगलंच झालं की.”

“झालं, पण पहिले दोनशे बारा बेंगळूरला राहणार. बाकीचे गुवाहाटीला, कमीत कमी तीन वर्षं. आणि दोनशे बाराव्या नंबरावर दोघं आहेत. संयोगिता आणि विराट. एकाच दिवशी रुजू झालेत ना.”

“मग?”

“वयानं मोठा तो वर. शाळेच्या मूळ दाखल्यावरून. तारीखही एकच निघाली तर चिठ्ठी काढणार. शुक्रवारी दाखले बघणार आहेत. हिचा तुमच्याकडे आहे म्हणाली, शोधून ठेवता?”

मी हो म्हणालो. पलीकडे माझी नात, पाच वर्षांची मेघाश्री, शाळेच्या बुटांवरून रडत होती. संतोषकुमारचं ऑफिस सर्जापूर रोडला, घर तिथेच, त्याला हलता येणार नाही. म्हणजे गुवाहाटी लागली तर आई तिकडे आणि पोर इकडे. सहा फेऱ्या मारूनही रात्री पोरीशेजारी झोपता येतं, म्हणून संयोगिता ही छोटी विमानं धरून बसली होती. मोठ्या कंपन्यांची बोलावणी तिनं दोनदा परत पाठवली होती.

फोन ठेवला आणि हिशेब मांडला. खरं लिहिलं असतं तर ती तेरा दिवसांनी मोठी होती, प्रश्नच नव्हता. आता दोघंही पहिली जून. आता चिठ्ठी. माझ्या पोरीचं आणि नातीचं तीन वर्षांचं आयुष्य एका कागदाच्या बोळ्यावर, आणि तो बोळा मी तिच्या पाचव्या वर्षीच वळून ठेवला होता. चार महिन्यांची नोकरी जास्त मिळावी म्हणून! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दाखला शोधायला कपाट उघडलं आणि तसंच बंद केलं. तो कागद बघायची हिंमत होईना. बुधवार असाच गेला. संतोषकुमारला सांगावं तर कोणत्या तोंडानं सांगणार? संयोगिताला तिची लायसनवरची तारीख ठाऊक असणारच, पण ती तशी का आहे हे तिनं मला कधी विचारलं नव्हतं, आणि त्या न विचारण्याचाच आता मला धसका बसला होता.

गुरुवारी सकाळी रत्नाबाई अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो, दोन शेंगा सोलल्या आणि म्हणालो, “अगं, माझ्यामुळे पोरीला गुवाहाटीला जावं लागणार.”

सगळं सांगितलं. डब्यावरचं ज्योतिबाचं बोलणं, कारकून, पहिली जून, चिठ्ठी. ती ऐकत होती आणि हात चालूच होते. माझं संपल्यावर तिनं हात पदराला पुसले, आत गेली आणि निळी फाइल घेऊन आली. त्यातला पिवळा पडलेला दाखला तिनं माझ्यासमोर ठेवला आणि चष्मा हातात दिला.

जन्मतारीख, बावीस जानेवारी एकोणीसशे नव्वद. अक्षरांत आणि आकड्यांत.

मी दोनदा वाचलं. मग बोट ठेवून तिसऱ्यांदा.

“दुसऱ्या दिवशी शाळेत गेले होते,” ती म्हणाली. “दवाखान्याचा दाखला दाखवला आणि रजिस्टरात खाडाखोड करून घेतली. त्यावरूनच हा दाखला. हेडमास्तरांची सही आहे बघा खाली.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही आठ दिवस इतके खूश होता. कोणाकोणाला सांगत होता.” मग फाइल मिटत म्हणाली, “लेकीच्या आयुष्यातला पहिलाच कागद. तोच खोटा नको वाटला.”

छातीवरून लेथ उचलून बाजूला ठेवावा तसं मला झालं. मी हसलो, मग रडलो, आणि मग जरा रागावलोही, कारण तीस वर्षं या बाईनं माझा असा बावळटपणा सांभाळून ठेवला होता. राग काही टिकला नाही. अवरेकाळूची सगळी टोपली मी एकट्यानं सोलली. ती म्हणाली, निम्मे दाणे चेंगरलेत. असू देत.

शुक्रवारी दुपारी संयोगिताचा फोन आला. “अप्पा, झालं. मी दोनशे बारा. इथेच.” मागून मेघाश्री ओरडत होती की आई कुठेच जाणार नाही. संयोगिता बोलता बोलता थांबली, नाक ओढलं आणि म्हणाली, “विराट भेटला. स्वतःहून हात पुढे केला. म्हणाला, बसवाली जिंकली. मीही हसले.” गुवाहाटीला वरचे लोक कमी, त्यामुळे कॅप्टनची जागा त्याला वर्षभर आधी मिळेल, असंही म्हणाला म्हणे. त्याचं लग्न अजून व्हायचं आहे, जायला अडचण नव्हती. पण ज्योतिबा आणि त्याची बायको तुंगाक्का इथे दोघंच राहणार, हे माझ्या मनात आलंच.

तासाभरात ज्योतिबा दारात उभा. दीड वर्षानंतर. मी खुर्ची पुढे केली. तो बसला, पण टेकला नाही.

“विराटच्या दाखल्यावर पहिली जून निघाली,” तो म्हणाला. “तुझ्या पोरीच्या दाखल्यावर जानेवारी. आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं ना, अण्णा? तू मला पुढे केलंस आणि मागून खरं लिहिलंस?”

क्षणभर वाटलं, होय म्हणावं. शहाणपणाचं श्रेय असं चालत घरी येत नाही. पण रत्नाबाई कॉफी घेऊन दारात उभी होती.

“मीही पहिली जूनच लिहिली होती,” मी म्हणालो. “हिनं जाऊन खोडली. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो, आणि आज आपल्या दोघांच्या चिठ्ठ्या एका डब्यात असत्या. मला हे काल कळलं.”

ज्योतिबानं माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलताना कसा दिसतो हे त्याला चांगलं ठाऊक आहे, आणि आत्ता तसा दिसत नव्हतो. त्याच्या खांद्यांतला ताठपणा गेला आणि तो खुर्चीला टेकला. दीड वर्षात पहिल्यांदा हसला, थोडंसंच.

“अक्का,” तो कप घेत रत्नाबाईला म्हणाला, “गेलीच होतीस तर माझ्या विराटची पण खोडायची होतीस. तेरा दिवसांनी हरला असता, पण खऱ्या तारखेवर.”

यावरचं उत्तर तिनं मला एकट्याला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, “तुंगाक्का माझ्याबरोबर आली होती, भावजी. दोघी मिळूनच गेलो होतो. हेडमास्तर तिला म्हणाले, दवाखान्याचा दाखला आणा, लगेच बदलतो. दाखला तुमच्या कपाटात होता आणि किल्ली तुमच्या करगोट्याला. मागायला गेले तर ओरडतील, म्हणाली.”

कॉफीवर साय धरली तरी ज्योतिबाच्या हातात कप तसाच. माझी पोर इथे राहिली म्हणून मला इतकं हलकं वाटत होतं की त्याच्यापुढे त्याचीच लाज वाटली. शेवटी मी म्हणालो, “उद्या संध्याकाळी फिरायला?”

“सरी, येतो,” तो म्हणाला. कॉफी एका घोटात संपवून उठला. दारापर्यंत गेला, थांबला, आणि सदऱ्याखाली हात घालून करगोटा सोडू लागला. गाठ जुनी होती, स्वल्प वेळ लागला.

“आधी घरी जातो,” किल्ली मुठीत घेत तो म्हणाला. “ही द्यायची राहिलीय.”