पांढरी पापणी

जीनाच्या हातून तयार झालेल्या नवरीकडे तिची सख्खी आईसुद्धा दोनदा बघते, असं गिरीजपासून पाचूबंदरापर्यंत बोललं जायचं, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं पार्लर. मुरुमांचे खड्डे, डोळ्यांखालची वर्तुळं, लहानपणी चहा सांडून उठलेला हनुवटीवरचा डाग, सगळं ती असं झाकायची की नवरीलाच आपला डाग कुठल्या बाजूला होता ते आठवू नये. हाताखाली शिकणाऱ्या लेकीला, शॅननला, ती सांगायची, "रंगवता कुणालाही येतं. झाकता आलं पाहिजे."

म्हणून एका सकाळी आरशात स्वतःच्या डाव्या पापणीचे केस पांढरे दिसले, तेव्हा गिऱ्हाइकाला केलं असतं तेच तिने केलं. मस्काऱ्याचा ब्रश घेतला आणि मुळापासून टोकापर्यंत काळं केलं. पुढे कानशिलावर एक बट पांढरी झाली, तिला डाय. मानेवर नखाएवढा पांढरा ठिपका उठला, त्याला फाउंडेशन.

नाताळानंतर काही दिवस तिचं डोकं भयंकर दुखलं होतं, कानात रातकिडे बसल्यासारखा आवाज यायचा आणि सगळं धुरकट दिसायचं. घरच्या डॉक्टरने थेंब दिले, थोडं बरं वाटलं, विषय संपला. त्या दुखण्याचा आणि या पांढऱ्याचा काही संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नाही. मनात एकच शब्द आला, कोड, आणि तो आला तसा तिने गिळून टाकला.

कारण शॅननचं जमलं होतं. मुलगा जेन्सन, पाचूबंदरचा, स्वतःची बोट असलेल्या घरातला. त्याची आई मार्थाबाय साखरपुड्याचं बोलायला आली होती. मासळीच्या लिलावात आयुष्य गेलेली बाई, आवाज हळू करणं तिला ठाऊकच नव्हतं. चहा पिता पिता म्हणाली, "आमच्या इकडं एक पोर हाय, तिला कोड हाय. सोन्यासारखी पोर, पन कोन मागनी घालीत नाय." जीनाने बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. तेव्हापासून ती घरातल्यांच्या आधी उठून चेहरा करू लागली. नवऱ्याला, क्लिफर्डला, काही दिसायचा प्रश्नच नव्हता. कामणच्या गोदामातून दमून आल्यावर त्याला जेवणाच्या ताटापलीकडचं काही दिसत नसे.

मग दोन्ही डोळे लाल झाले. उजेड सहन होईना. शॅनन तिला विरारला फुलपाड्यात डॉक्टर ज्ञानदांकडे घेऊन गेली. डॉक्टर वयाने तरुण, पण घाई न करणारी. हनुवटी मशीनवर टेकवून तिने बराच वेळ आत पाहिलं आणि मग एकेक विचारत गेली.

"कानात आवाज येतो? आधी कधी डोकं खूप दुखलं होतं?"

"नाही."

"अंगावर कुठे पांढरे डाग? पापण्या, भुवया, केस एकदम पांढरे झालेत?"

"नाही हो."

"डोळ्यांना काही लावता का?"

"माझा धंदाच तो, बाई," जीना म्हणाली आणि दोघी हसल्या. शॅनन मोबाइलमध्ये बघत होती.

आत सूज होती एवढं खरं. पण अशी सूज टीबीमुळेही येते आणि कारण न सापडताही येते. डॉक्टरने थेंब दिले, रक्त तपासायला सांगितलं, छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. सगळं नीट आलं. रिपोर्टमध्ये काही नाही म्हणून घरात सगळे खूश झाले, आणि जीनाचे डोळे जातच राहिले.

याची तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. आत कुठेतरी बटण बंद झाल्यासारखं झालं होतं. ती सवयीने जेवायची, सवयीने चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला जायची. नवऱ्या येत होत्या, त्यांना शॅनन तयार करायची. जीना बाजूच्या खुर्चीत बसून बोटांनी गालाचा पोत तपासायची आणि "बरंय" म्हणायची.

शेवटी जे व्हायचं तेच झालं. डोळे दिसेनात, त्यामुळे डोळे रंगवता येईनात. एका सकाळी ती अंदाजाने ब्रश फिरवून शॅननबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टर ज्ञानदाने मशीन लावलंच नाही. चेहऱ्याकडे पाहत राहिली, मग ओला कापूस घेऊन डावी पापणी पुसली. काळं निघालं. खाली दुधासारखे पांढरे केस. उजवी पुसली, तिथेही तेच.

"हे कधीपासून आहे?"

जीनाने सगळं सांगितलं. डोकेदुखी, कान, बट, मान. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, व्होग्ट-कोयानागी-हारादा. एवढं लांब नाव लग्नपत्रिकेत मावलं नसतं. अर्थ मात्र सोपा निघाला. माणसाला रंग देणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यामागे असतात, कानात असतात, कातडीत आणि केसांत असतात. शरीर चुकून त्यांनाच शत्रू समजतं आणि मारत सुटतं. दुर्मिळ आहे, पण ओळखू येतो. पांढरी पापणी ही त्याची खूणच.

"पहिल्याच दिवशी हे दिसलं असतं तर," डॉक्टर म्हणाली आणि थांबली. तिला रागवायचं होतं हे कळत होतं. रागावली नाही, तेच जास्त लागलं असतं, जीनाला काही लागत असतं तर.

तिला कळलं ते वेगळंच. कापूस काळा झाला, पापण्या पांढऱ्या निघाल्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोरीने "मम्मी, हे काय?" असं विचारलं नाही.

तीन दिवस हॉस्पिटलात सलाइनमधून स्टेरॉइड गेलं. मग गोळ्या, वर्षभर तरी, एकही चुकवायची नाही. तोंड सुजून गोल झालं. उजवा डोळा बराच परत आला. डाव्याच्या मधोमध एक करडा डाग राहिला. तो आता राहणार, डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. पापण्याही पांढऱ्याच राहणार. आणि डोळ्यांना सध्या काही लावायचं नाही, चोळायचं तर अजिबात नाही.

"तुला कधीपासून माहीत होतं?" घरी आल्यावर जीनाने विचारलं.

"साखरपुड्याच्या आधीपासून," शॅनन म्हणाली. "तुझी उशी काळी व्हायची." मग म्हणाली, "मला वाटलं, लग्न होईपर्यंत."

जीना "हं" म्हणाली. आतमध्ये चाचपून पाहिलं, राग सापडला नाही.

ईस्टरनंतर चर्चमध्ये लग्नाच्या घोषणा सुरू झाल्या. तीन रविवार फादर वेदीवरून वधूवरांची नावं वाचतात आणि विचारतात, या लग्नाला कुणाला काही अडथळा माहीत असेल तर सांगावा. पहिले दोन रविवार जीना काळा चष्मा लावून मागे बसली. तिसऱ्या रविवारी पाचूबंदरची मंडळी याच चर्चला येणार होती. शॅनन ब्रश घेऊन पुढ्यात उभी राहिली. "फक्त आजच्या दिवस, मम्मी."

जीनाने चेहरा वर केला, नवरीला करायला सांगायची तसा, आणि डोळे मिटले.

पोरीचा हात चांगला होता. तिनेच घडवलेला.

चर्चमध्ये मार्थाबाय येऊन तिला खेटून बसली. फादरनी नावं वाचली, अडथळ्याचं विचारलं. बाकावर कुणी हललं नाही. गाणं सुरू झालं तशी मार्थाबाय तिच्याकडे वळली आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलली.

"सुनेचा हात बरा हाय गो माझ्या. पन डाव्या कोपऱ्यात एक पांढरा केस ऱ्हायलाय."

जीनाचा हात पापणीकडे गेला आणि वाटेतच खाली आला.

"त्या दिवशी चहाला आले, तवाच दिसला मला. म्हनून तर त्या पोरीचा सांगितला. माझे बहिनीची पोर ती. तू पुढं काय बोलशील म्हनून थांबले, तू बशी घेऊन आत गेलीस." तिने आपल्या खरखरीत हातात जीनाचा हात घेतला. "दवाखान्यात जातेस ना?"

तेव्हा कुठे जीनाला रडू आलं. काळं पाणी गालांवरून ओघळून साडीवर पडत होतं, आणि डोळे चोळायचे नाहीत म्हणून ती ते तसंच ओघळू देत होती.