परसदारचा थांबा

ती आखूड रेल्वे गोऱ्या साहेबाने घातली, ती खाणीतला दगड बंदरावर न्यायला. दगड संपला, साहेब गेला, गाडी मात्र राहिली. राहिली ती एक खोड घेऊन राहिली. एका वळणावर, जिथे ना फलाट ना पाटी, तिथे ती थांबायची. जरा दम खायची आणि निघायची.

का थांबते, याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार. गार्ड सांगायचा, साहेबाची टोपी तिथे उडाली, शोध अजून चालू आहे. तिकीटबाबू छातीठोकपणे म्हणायचे, मडमेला तिथे बसून चित्रं काढायची हौस होती.

खरं काय ते ड्रायव्हरला ठाऊक होतं. भोंगा वाजवायची भारी हौस, म्हणून सगळे त्याला भोंगाच म्हणत. वळणावरचं घर त्याच्या आईवडिलांचं. रूळ परसातून जाणार म्हटल्यावर त्याची पणजी खणलेल्या चरात ठाण मांडून बसली होती. "परसातून जाताय ना? मग दाराशी थांबून जायचं. तोंड चुकवून पळायचं नाही!" साहेबाला शब्द कळले नाहीत, पण चेहरा बरोबर कळला.

आता त्या घरात ताई राहायची, भोंग्याची थोरली बहीण. आईचं शिवणयंत्र भोंग्याने तिला न विचारता भंगारात दिलं, तेव्हापासून अबोला. तो घरी गेला की दार बंद. पण गाडी थांबली की ताई हमखास परसात यायची, पाठ फिरवून कपडे वाळत घालायची आणि गाडी हलेपर्यंत आत जायची नाही. कधी कधी वाळलेलेच कपडे पुन्हा घालायची. भोंग्याचा दिवस त्या पाठीवर निघायचा.

आणि मग वरच्या कचेरीतून तपासनीस आले. विनाकारणचे थांबे बंद करायचे होते. टोपीची गोष्ट त्यांनी ऐकून घेतली, मडमेच्या चित्रांवर मानही डोलावली. भोंग्याने पणजी आणि ताईचं घर सांगितलं तेव्हा मात्र पोट धरधरून हसले.

"लेखी काही आहे?"

"पणजीला लिहिता येत नव्हतं, साहेब."

"मग थांबा बंद. उद्या मी स्वतः इंजिनात बसतो."

बातमी गार्डच्या पोटात राहणं शक्यच नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या लाइनभर झाली.

दुसऱ्या दिवशी वळण जवळ आलं तसा भोंग्याने लांबलचक भोंगा वाजवला. शेजारी तपासनीस घड्याळ धरून बसलेले. वळण घेतलं, तर रुळांच्या मधोमध ताई! दोन्ही हातांत लालभडक चादर ताणून धरलेली. लाल दिसलं की थांबायचं, यावर तपासनिसांचीही हरकत चालेना. ब्रेक किंचाळले आणि गाडी थांबली, नेमकी परसाशी.

तपासनीस खाली उडी मारून कडाडले, "बाई, डोकं ठिकाणावर आहे का? हा तुमचा भाऊ ना? त्याच्याशी काय बोलायचं ते घरी बोला!"

"मी बोलत नाही त्याच्याशी," ताई म्हणाली. चादर अजून तशीच ताणलेली. "पण बोलत नाही हे त्याला रोज कळायला नको? गाडी थांबलीच नाही, तर कळणार कसं?"

तपासनिसांनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं. भोंग्याने बाहीने डोळे पुसले आणि तो खिडकीतून वाकला.

"साहेब, तिला सांगा," तो म्हणाला, "उद्या येतो."