म्हणे, शिक्का अडतो!

मी एक जुना लोखंडी शिक्का आहे, आणि मित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी कधीही अडत नव्हतो. आमच्या इलोइलो शहरात कोणालाही विचारा, तो म्हणेल, "हारांदिला वकीलबाईंचा शिक्का ना? फार अडायचा बुवा!" धादांत खोटं! आणि हे पसरवलं कोणी? खुद्द माझ्या मालकिणीने. आता बोला.

माझा जन्म बाजारामागे, ठसे कोरणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. मला शाई लागत नाही. माझ्या दोन गोल चकत्यांमध्ये कागद सरकवायचा, वरचा दांडा दाबायचा, की कागदावर नाव उठून येतं. 'सालोमे हारांदिला, वकील व नोटरी' एवढं लांबलचक नाव त्या कारागिराने उलटं कोरलं, आणि कोरताना सारखा कुरकुरत होता.

नवी सनद, नवी खुर्ची आणि नवाकोरा मी. मला वाटलं, आता मोठमोठ्या कंपन्यांचे करार येणार. आले कोण? सुकी मासळी विकणारे, तीनचाकी दुरुस्त करणारे, हातमागावर कापड विणणाऱ्या बायका. बाईंची रीतही जगावेगळी. कोणी कागद घेऊन आलं की आधी विचारायच्या, "जेवलात का?" मग त्याच्याबरोबर उठून थेट त्याच्या दुकानात जायच्या. सकाळी दार कोण उघडतं, किल्ली कोणाच्या कमरेला असते, दोघा भागीदारांत भांडण झालं तर रुसून घरी कोण जातं, सगळं विचारून घ्यायच्या. तोवर मी टेबलावर धूळ खात बसायचो. मासळीवाल्याकडून त्या परत आल्या की पुढचे कितीतरी दिवस माझ्या दांड्याला वास यायचा. शी!

पण खरा डोक्याला ताप होता तो आमच्या लोकांच्या भिडेचा. आमच्याकडे लेकराच्या बाप्तिस्म्याला जो धर्मबाप म्हणून उभा राहतो, तो त्याच्या आईबापांचा कुंपारे होतो. आई त्याची कुमारे. सख्ख्या भावंडांपेक्षा जवळचं हे नातं. आणि कुंपारेने पुढे केलेला कागद त्याच्यासमोर वाचायचा नसतो! वाचला तर त्याचा अर्थ, तुझ्यावर माझा भरवसा नाही. मग काय, माणसं हसत हसत सह्या ठोकतात, वर एकमेकांना नूडल्स खाऊ घालतात, आणि पुढे रडत रडत वकीलबाईंकडे येतात. मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

यावर बाईंनी एक तोड काढली आणि माझं नशीब फुटलं. कागद आला की त्या गोड हसून म्हणायच्या, "माझी काही हरकत नाही हो. पण हा मेला शिक्का दमट हवेत अडतो. कागद मोठ्याने वाचला की मगच चालतो."

लोखंड कधी वाचून चालतं का? पण सगळे माना डोलवायचे. कागद वाचला जायचा, कोणी कोणावर संशय घेतला असंही व्हायचं नाही, आणि खापर फुटायचं माझ्यावर.

एका दुपारी मानांग सेपा आली. मानांग म्हणजे ताई. सेपाची बिस्कोचोची बेकरी होती. पाव कापायचा, लोणी-साखर लावून पुन्हा कडक भाजायचा, तो बिस्कोचो. नवरा गेल्यावर सासऱ्याने बांधलेल्या विटांच्या भट्टीवर तिने एकटीने हा धंदा उभा केला होता आणि पुड्यांवर तिचंच नाव होतं. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्या भट्टीवरच ती आणि तिची लेक लिरियो जगत होत्या.

बरोबर तिचा कुंपारे होता, लिरियोचा धर्मबाप मानोंग पोन्सो. मानोंग म्हणजे दादा. अंगाने काटकुळा आणि सदा घाईत. धक्क्यावर दोघांनी मिळून दुकान काढायचं ठरलं होतं.

"कागद माझ्या जावयाने तयार केलाय," तो ऐटीत म्हणाला. "बाई, पटकन शिक्का मारा. माझी बोट चुकेल."

"सेपा, तू वाचलास?" बाईंनी विचारलं.

"अगंबाई! कुंपारेने आणलाय म्हटल्यावर वाचायचं काय?" सेपा लाजून म्हणाली आणि तिने लेखणी उचललीसुद्धा.

मी मनात ओरडत होतो, अगं बये, थांब! पण लोखंडाचं कोण ऐकतंय?

"तसं नको गं," बाई म्हणाल्या. "हा शिक्का..."

"अडतो, ठाऊक आहे!" पोन्सो वैतागला. "द्या इकडे, मीच दाबून बघतो. तुमच्या हातात जोर नाही."

मला वाटलं, संपलं. मी तर तेल घातलेला. लोण्यासारखा चालणार, बाई खोट्या पडणार, आणि मग कागद कोण वाचतंय? बाई मात्र शांतपणे सेपाने आणलेला बिस्कोचो खात होत्या. मला त्याच्याकडे सरकवता सरकवता त्यांनी त्याची करपलेली कड माझ्या दांड्याखाली खुपसली. माझ्या! तोंडात! उष्टी कड!

पोन्सोने दांडा दाबला. पुन्हा दाबला. मग उभा राहून दाबला. सेपाच्या भट्टीतली कड ती, दगडाला ऐकणार नाही.

"अरेच्चा! हा खरंच अडतो की!" कपाळाचा घाम पुसत तो खाली बसला. "वाचा बाई, वाचा. बोट गेली उडत."

बाईंनी सावकाश वाचायला सुरुवात केली. सेपा मान डोलवत होती. मध्येच बाई थांबल्या आणि एक ओळ त्यांनी पुन्हा वाचली. बेकरीचं नाव आणि भट्टी, दोन्ही नव्या कंपनीची होणार होती. आणि कंपनी होती एकट्या जावयाची.

पोन्सोचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"कुमारे, लेकराची शपथ, मला हे ठाऊक नव्हतं. मी वाचलंच नाही. जावयासमोर कसं वाचणार? त्याला काय वाटलं असतं?"

सेपाने लेखणी खाली ठेवली. "मग मी तुमच्यासमोर कसं वाचणार होते, कुंपारे?"

पोन्सो रडला. मग तीही रडली. मला मात्र दांड्याखालची ती कड बोचत होती. पुढे कितीतरी दिवस मला मुंग्या येत होत्या, त्याची कोणी विचारपूस केली नाही.

बाईंनी नवा कागद केला. तोही बेकरीत बसून, पिठाने माखून. भट्टी आणि नाव सेपाचं, धक्क्यावरचं दुकान दोघांचं. मग त्यांनी सगळे टाळतात तो प्रश्न विचारला. "उद्या तुमच्यापैकी एक नसेल, तर?" सेपाने छातीवर क्रूस काढला. पोन्सो म्हणाला, "बाई, अभद्र बोलू नका!" बाई म्हणाल्या, "मी कुठे बोलतेय? शिक्का विचारतोय." बघा! हेही माझ्याच माथी!

पुढे पोन्सो खरंच गेला. त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी त्याची बायको आणि सेपा एकाच ताटात जेवल्या. कागदात सगळं आधीच ठरलेलं, भांडायला काही उरलंच नव्हतं.

मग बाईही थकल्या. आपल्यामागे माझा कोणी गैरवापर करू नये म्हणून त्यांनी कानशीने माझ्यावरचं नाव घासून टाकलं. स्वतःच्या हाताने, हळूहळू. मित्रांनो, आयुष्यभर मी त्यांच्यावर चिडलो, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. सेपा शेजारीच बसली होती.

"हा मला द्या," ती म्हणाली.

"याचं काय करशील? आता हा कशाच्या उपयोगाचा नाही."

"अडायच्या उपयोगाचा आहे की."

तेव्हापासून मी बेकरीच्या गल्ल्याशेजारी असतो. बाई आता नाहीत. भट्टीची धग आणि समुद्राची हवा लागून माझ्यावर गंज चढलाय. परवा लिरियोच्या मुलाचा धर्मबाप कागद घेऊन आला, छान हसत. लिरियोने पेन उचललं. कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या सेपाला आता नीट दिसत नाही, पण तिने चाचपडत मला पुढे ढकललं.

"थांब गं. आधी मोठ्याने वाच. हा अडतो."

मी म्हणू शकलो असतो, अहो, माझ्यावर नावसुद्धा नाही, मी कशाला अडू? पण लिरियोने पेन खाली ठेवलं आणि ती वाचू लागली.

तुमच्याकडेही कधीतरी कोणी आपलं माणूस हसत हसत कागद आणेल. वाचायची भीड वाटली तर आपलं नाव पुढे करू नका, माझं करा. सांगा, इलोइलोत एक म्हातारा शिक्का आहे, ऐकल्याशिवाय तो चालत नाही. कोणी मला विचारायला आलंच, तर मी सांगेन. हो बाबा, अडतो मी.